आवाज फाटण्याच्या अलीकडे

तायडे कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करायला लावायचे. मग फ्रीज. मग भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय म्हणून ते उतरवून आतल्या खोलीत ठेवायला सांगायचे. वाशीमला मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणाऱ्या माणसाला लोक घरात घेतात कसे, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. पण घेत. घरचे सगळे घाम पुसत गप्प बसून राहत आणि तायडे खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवत. ती टाळी भिंतींवरून कशी परत येते ते ऐकून झालं की म्हणत, "हं. आता दाखवा तुमचे स्पीकर."

ते मेकॅनिक नव्हते, दुकानदारही नव्हते. आमच्याच सरकारी कचेरीत स्टेनो होते. कचेरीचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही नाही. त्या वेळचे साहेब खिडकीकडं तोंड करून, पान चघळत, स्वतःशीच बोलल्यासारखं डिक्टेशन द्यायचे. तायडे मागं बसून पेन्सिलीनं त्यांच्या त्या वळवळत्या रेघा ओढायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी स्वच्छ टाइप केलेलं पत्र टेबलावर ठेवायचे. साहेबांनी काय म्हटलं हे कधी कधी साहेबांनाही त्या पत्रावरूनच कळायचं.

अंगानं सडपातळ, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बोलायचे इतकं हळू की समोरच्याला पुढं झुकावं लागे. मला आधी तो शिष्टपणा वाटला होता. मी आस्थापना शाखेत, आणि आस्थापनेच्या माणसाला दुसऱ्यासमोर झुकायची सवय नसते. पुढं कळलं की मोठ्यानं बोलायला त्यांना खरोखरच आवडत नव्हतं. मोठा आवाज त्यांना अंगावर आल्यासारखा वाटायचा.

आमची ओळख झाली ती माझे स्पीकर जळाले म्हणून. मोठ्या हौसेनं मी अकोल्याहून उभे, कमरेएवढे स्पीकर आणले होते. सोबत अँप्लिफायर घेतला छोटा. माझा हिशेब सरळ होता. स्पीकर शंभर वॅटचे, अँप्लिफायर वीसचा. म्हणजे स्पीकरवर कधी भार येणारच नाही. मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांनी आवाज वाढवा, वाढवा म्हणून नॉब शेवटापर्यंत नेला. आवाज घोगरा झाला, कर्कश झाला, आणि मग बारीक आवाज निघणंच बंद झालं. गाणं गोधडीखालून आल्यासारखं यायला लागलं. ऑफिसात मी दुकानदाराला शिव्या घालत होतो, तेव्हा तायडे शेजारी येऊन उभे राहिले आणि रविवारी येतो म्हणाले.

आले. पंखा, फ्रीज, घड्याळ सगळं झालं. मग स्पीकरच्या वरच्या भागातल्या, वरच्या पट्टीचे बारीक आवाज काढणाऱ्या त्या सुपारीएवढ्या ट्वीटरला कान लावून बसले. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आमच्यासाठी काही नव्हतं. सगळी हळहळ त्या स्पीकरसाठी होती.

"तुमाले वाटलं, अँप लहान हाये म्हंजे धोका नाई. सगळ्याईले असंच वाटते," ते म्हणाले. "तुमी वीसवाल्याले चाळीसचं काम सांगतलं. त्याच्यानं झेपलं नाई, त्याचा आवाज फाटला. फाटलेल्या आवाजात बारीक आवाजाचा कचरा लय राह्यते, काळेभाऊ. अन् तो सगळा कचरा या बिचाऱ्या ट्वीटरच्या अंगावर येते. मोठ्या अँपनं स्पीकर जळतात त्याच्याहून जास्त लहान अँपनं जळतात."

मग घ्यायचा तरी केवढा, असं मी विचारलं. स्पीकरवर जे कायम पेलायचे वॅट लिहिलेले असतात त्याच्या दीडपट, जमलं तर दुप्पट, असं ते म्हणाले. लिहिलेले म्हणजे कंपनीच्या पत्रकातले. खोक्यावर चमकीच्या कागदात हजारांत लिहिलेले असतात ते नव्हेत. शिवाय सगळे स्पीकर सारखे नसतात. एखादा थोडक्या वॅटमध्ये मोकळा गातो, एखाद्याला तेवढ्याच आवाजासाठी चौपट लागतात. ते आधी बघायचं. दुप्पट वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट होतो असंही नाही, जरासाच चढतो. आणि एवढा मोठा अँप्लिफायर आणून नॉब ठेवायचा अर्ध्याच्या खाली.

"वरचं अर्धं आपलं नाई," ते म्हणाले.

मग ते विकत कशाला घ्यायचं, हा माझा प्रश्न आस्थापना शाखेला शोभणाराच होता. त्यावर त्यांनी मला पोराला समजवावं तसं समजावलं. गाण्यात मधेच तबल्याची थाप येते, गाणारी एकदम वरचा सूर घेते. त्या क्षणापुरती ताकद लागते, खूप लागते, आणि ती असेल तरच खालचं सगळं साफ राहतं. आमच्या घरात पुढं कित्येक दिवस हे वाक्य चाललं. मी चिडून आवाज चढवला की माझी बायको मंगल स्वयंपाकघरातून सांगायची, वरचं अर्धं आपलं नाही म्हणून. आणि खरं सांगतो, मी गप्प बसायचो.

नवा अँप्लिफायर आला तेव्हा त्यांचं खरं कसब पाहायला मिळालं. त्यांच्याजवळ एक सीडी होती, कुणा बाईनं पेटी आणि टाळ घेऊन म्हटलेल्या भजनाची. कुठंही गेले तरी तीच लावायचे. ती लावून, डोळे मिटून, नॉब इतका हळू फिरवायचे की फिरतोय हे दिसू नये. एका जागी थांबायचे. "बस्स. याच्यापुढं फाटते." आम्हाला तर सगळं छान ऐकू येत असायचं. मग ते अजून तसूभर पुढं नेत, आणि तेव्हा कुठं टाळाच्या आवाजावर आम्हाला चरा उमटल्यासारखा वाटे. आम्हाला फाटलेला आवाज ऐकू यायचा. त्यांना फाटायच्या अलीकडचा यायचा. दोन्हींत जेवढी जागा होती तेवढ्यात या माणसाचा सगळा मान होता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना. ते आसेगावचे. त्यांची आई विहारात गाणी म्हणायची. एका बुद्धपौर्णिमेला गावात पहिल्यांदा कर्णा भाड्यानं आणला आणि आईला त्यासमोर उभं केलं. कर्ण्यातून तिचा आवाज असा चिरकत, फाटत बाहेर आला की मागं बसलेले लोक हसले. आईला वाटलं आपणच वाईट गायलो. त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही. तायडे म्हणाले, तिचा आवाज चांगला होता. तो फाडला दुसऱ्यानं आणि लाज वाटली तिला. एवढं सांगून त्यांनी विषय बंद केला आणि कारंजाची गाडी किती वाजता आहे ते पुन्हा एकदा विचारून आले.

त्या दिवशी आम्ही कारंजाला एका सेठकडं चाललो होतो. कापसाच्या व्यवहारातला माणूस, नवा बंगला बांधलेला, बैठकीत संगमरवरी फरशी आणि एका बाजूला पूर्ण काच. तायड्यांनी टाळी वाजवली आणि ती इतकी वेळ खोलीत फिरत राहिली की त्यांचं तोंडच उतरलं. स्पीकर मात्र असे होते की ते दहा मिनिटं नुसते त्यांच्याभोवती फिरत होते. सेठ म्हणाले, स्पीकर लोकांना दिसतात म्हणून भारी घेतले. अँप्लिफायर कपाटात राहणार, तो साधा चालेल. तायड्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं, अर्ध्या नॉबचंही. सेठनी शांतपणे विचारलं की अर्धाच वापरायचा असेल तर अर्ध्या ताकदीचा का घेऊ नये. मला हसू आलं, कारण कधीकाळी मीही तेच विचारलं होतं. तायड्यांना आलं नाही. ताटं मांडली होती, जिलब्या आल्या होत्या. हा माणूस न जेवता उठला आणि चपला घालून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मला भूक लागली होती. पण सोबत आलो होतो, उठावं लागलं.

असे होते ते. हट्टी, आणि आपल्या कानापुढं दुसऱ्याचं काही न ऐकणारे. पुढं सेठच्या घरी लग्नकार्यात त्या स्पीकरचे ट्वीटर गेलेच. निरोप आला तेव्हा मला वाटलं हे आता चार शब्द सुनावतील. तसं काहीच झालं नाही. रजा टाकून गेले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिवसभर मलूल बसून होते. लय सुंदर स्पीकर होते, एवढंच दोनदा म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या घरी बाहेरच्या खोलीत दोन छोटे स्पीकर होते, गवंड्याकडून घडवून घेतलेल्या फरशीच्या स्टँडवर ठेवलेले, आणि मधे एक जाडजूड अँप्लिफायर. रविवारी सकाळी आंघोळ करून ते त्यांच्यासमोर बसत. त्या वेळात घरात मिक्सर लागत नसे. त्यांच्या पत्नी शीलावहिनी कुकर लावायच्या आधी दारात येऊन विचारायच्या, लावू का म्हणून, आणि हे मान हलवायचे. कधी हो, बहुतेकदा नाही. मी एकदा म्हटलं, वहिनींनाही बसवा की ऐकायला. तर म्हणाले, "तिले काय समजते त्यातलं." वहिनी आतच होत्या, त्यांनी ऐकलं असणार. एवढ्या हळू बोलणाऱ्या माणसाचं त्या घरात सगळं ऐकू जायचं.

मग कधीतरी ते मोठ्यानं बोलायला लागले. नेमकं कधी ते सांगता येणार नाही. एकदा कँटीनमध्ये त्यांनी चहा मागितला आणि पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले, तेवढं आठवतं. मला वाटलं वय झालं, निवृत्ती जवळ आली, माणूस मोकळा झाला. चांगलंच झालं असं वाटलं.

त्यानंतर त्यांच्या घरचा ट्वीटर जळाला. हे ऐकून मी हसलोच. तायड्यांचा ट्वीटर जळणं म्हणजे आमच्या साहेबांनी स्वतःहून फाइल शोधण्यासारखं होतं. ते म्हणाले माल डुप्लिकेट आला. नवीन मागवला. तोही गेला. मग त्यांनी नागपूरच्या दुकानदाराशी फोनवर भांडण काढलं, इतक्या मोठ्यानं की सगळी शाखा हातातलं काम टाकून ऐकत होती. तिसरी जोडी बसवल्यावर मला रविवारी ऐकायला बोलावलं.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तिथंच गाणं ऐकू आलं. तीच ती भजनाची सीडी. खोलीत शिरलो तर आवाज अंगावर आला. नॉब मी पाहिला. अर्ध्याच्या कितीतरी वर होता. पेटी घोगरत होती आणि टाळ पत्र्यावर खिळा ओढावा तसे वाजत होते. ते डोळे मिटून बसले होते, चेहरा ताणलेला, दूरचं काही दिसतंय का पाहावं तसा. मधेच डोळे उघडून म्हणाले, या ट्वीटरमध्येही दम नाही, टाळ येतच नाहीत. टाळ माझ्या दातांत शिरत होते.

वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. आधी कधी येत नसत.

"भाऊ, यायले ऐकू येत नाई," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज तं बिलकूलच नाई. कुकरची शिट्टी झालेली कळत नाई यायले. अन् मी अजूनही इचारल्याशिवाय कुकर लावत नाई."

त्यांनी कुणाला सांगू नका असं काही म्हटलं नाही. ते म्हणायची गरज नव्हती. मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: हे त्या माणसाला स्वतःला माहीत आहे का?

माहीत होतं. ऑफिसात ते नव्या साहेबांच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसायला लागले होते, ते उगाच नव्हतं. ते साहेबांच्या ओठांकडं पाहून लिहीत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. स्टेनोचा कान गेला हे कुणाला कळू न देता त्यांनी नोकरी रेटली होती आणि पत्रात चूक नव्हती. मग कोरोना आला आणि साहेबांनी तोंडावर मास्क लावला.

त्या दिवसांचं मी फार सांगणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी साहेबांना पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा. दुसऱ्या दिवशी पत्रात मोकळ्या जागा सुटल्या. तायड्यांच्या पत्रात मोकळ्या जागा! शाखेतली पोरं तो कागद एकमेकांना दाखवत होती. एकदा मी केबिनमध्ये सहीसाठी गेलो होतो तेव्हा साहेब वैतागून मास्क खाली ओढून म्हणाले, आता दिसतंय का नीट? म्हणजे साहेबांनाही कळलं होतं. तायडे खाली मान घालून पेन्सिलीचं टोक बघत होते. त्या महिन्यात त्यांना आवक-जावकला बसवलं. तिथं ऐकायला काही लागत नाही. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा. पदर घेतल्यासारखा त्यांचा मास्क सगळ्यांचे मास्क सुटल्यावरही कितीतरी दिवस चेहऱ्यावर होता.

अकोल्याच्या डॉक्टरनी नसा वाळल्या म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले काहींचं होतं असं. तायड्यांना हे पटेना. त्यांना कारण हवं होतं. मला टपालाच्या टेबलाशी थांबवून ते त्यांच्या नव्या मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा तेच सांगायचे, की मी तर कधी जोरात ऐकलं नाही, मिरवणुकीत डीजे आला की घरात जाऊन दार लावून घ्यायचो. खरंच होतं ते. जन्मभर चौकात भोंग्याखाली उभे राहणारे ठणठणीत आहेत आणि ज्यानं कान फुलासारखा जपला त्याचाच गेला. याला न्याय म्हणायचं का? मला तेव्हाही राग यायचा आणि आत्ता लिहितानाही येतो आहे.

कानाचं मशीन त्यांनी आणलं. मला दाखवायला घरी घेऊन आले, रुमालात गुंडाळून.

"हे पाहा काळेभाऊ. इवलुसा अँप्लिफायर, वाटाण्याएवढा स्पीकर, अन् पुरा चढवलेला. जल्मभर लोकाईले जे नका घेऊ म्हटलं, तेच माह्या कानात घातलं."

त्यात माणसाचं बोलणं कळतं, पण गाणं लावलं की सगळं चिरकतं, असं ते म्हणाले. पेटी कोणती आणि बाईचा आवाज कोणता ते ओळखू येत नाही. मी म्हटलं, बोलणं कळतं हे काय कमी आहे, वहिनींशी बोला. ते माझ्याकडं पाहत राहिले. मी हळू बोललो होतो, त्यांना कळलं नसावं. किंवा कळलं असेल. मशीन त्यांनी परत रुमालात गुंडाळलं आणि त्यानंतर त्यांच्या कानात मी ते क्वचितच पाहिलं.

निवृत्त झाले. स्पीकरवर वहिनींनी शिवलेला अभ्रा चढला. रविवारी सकाळी गल्लीत शांतता असायची आणि त्या शांततेत वहिनींच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. आता त्यांना दारात येऊन विचारावं लागत नव्हतं. मला वाटायचं, विचारावं लागत होतं तेच बरं होतं.

मग कळलं की ते दोघं पुण्याला मुलीकडं कायमचे चाललेत. त्यानंतर भेट नाही. फोन करून उपयोग नाही. वहिनी उचलतात, खुशाली सांगतात, मागून ते मोठ्यानं कोण आहे ते विचारतात, त्या तितक्याच मोठ्यानं माझं नाव सांगतात, आणि मग तिघांनाही पुढं काही सुचत नाही. म्हणून शेवटची भेट म्हणायची ती जाण्याच्या आठवड्यातली, आमच्या घरची.

माझ्या मुलानं नवे स्पीकर आणि अँप्लिफायर पाठवले होते. इंटरनेटवर सगळं तपासून, बरोबर जोडी लावूनच पाठवले होते. करायचं काही उरलं नव्हतं. पण मंगल म्हणाली, तायडेभाऊंना न बोलावता लावू नका. मला ते क्रूर वाटलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला स्पीकर ऐकायला बोलवायचं? ती म्हणाली, तुम्ही बोलवा, यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

ते आले. वहिनीही सोबत आल्या. अशा कामाला पहिल्यांदाच. तायड्यांनी पंखा बंद करायला लावला. मधोमध उभे राहून टाळी वाजवली आणि वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी तळहात थोडा वाकडातिकडा हलवला, म्हणजे बरी आहे, जरा घुमते. मी आणि मंगल एकमेकांकडं पाहत राहिलो. हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं, बहुधा घरी बसून सरावसुद्धा केलेला होता. स्वयंपाकघरात उभं राहून वहिनींनी इतकी वर्षं सगळं ऐकलंच होतं.

त्यांनी स्पीकरच्या पुढच्या जाळ्या काढल्या, तारा बघितल्या, सीडी लावली. वहिनींना बरोबर समोरच्या खुर्चीत बसवलं, जिथं ते स्वतः बसत. "फाटाच्या आधी हात वर कर. फाटल्यावर नोको," असं त्यांना सांगितलं आणि नॉब फिरवायला घेतला. डोळे या वेळी मिटले नव्हते; वहिनींच्या हातावर होते. आवाज चढत गेला. खोली भरली. वहिनी मान थोडी कलती करून ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं जे पूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं होतं. एका जागी त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला. आम्हाला अजून काही कळलं नव्हतं. बरोबर वेळेवर उचलला होता त्यांनी.

तेवढ्यात तायडे म्हणाले, "टाळ."

नॉबवरचा हात थांबला नाही. डोळे वहिनींच्या हातावरून सुटले होते. "टाळ आले, शीला," ते म्हणाले, आणि कुणीतरी फार लांबून हाक मारतंय तसे ते पुढं झुकले. वहिनींचा हात तसाच अधांतरी होता. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

त्यानंतर आवाज फाटला. नुसता फाटला नाही, चिंध्या झाल्या. मंगलनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी उठलो नाही, उठायची इच्छाही झाली नाही. तायडे ऐकत होते. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, ते मनात टाळाबरोबर ठेका धरत होते, आणि मला त्या घरात, त्या कर्कश आवाजात, रडू यायला लागलं. मग डावीकडून टाळ यायचे बंद झाले. उजवीकडून तेवढे येत राहिले.

कडवं संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग नॉब पार खाली आणला, सीडी काढली, डबीत ठेवली. जाळ्या बसवायला आधी उजव्या स्पीकरपाशी गेले, मग डाव्यापाशी गुडघे टेकून बसले. जाळी हातात होती, पण ते ती लावीनात. ट्वीटरची कॉइल जळाली की एक करपट, औषधी वास येतो. फार नाही, पण तोंड जवळ नेलं की चुकत नाही. मला तो बसल्या जागी येत होता. तायड्यांचं तोंड तर त्यापासून वीतभरावर होतं. आणि त्यांचं नाक गेलेलं नव्हतं.

ते तसेच बसून होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "साफ वाजला न, शीला?"

वहिनी खुर्चीतून उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत.

"साफ वाजला," त्या म्हणाल्या.

त्यांनी बायकोच्या तोंडाकडं थोडा वेळ पाहिलं. "मंग झालं," असं म्हणून जाळी बसवली आणि तिच्या कडा अंगठ्यानं नीट दाबल्या. वहिनींचा हात धरून उठले. चहा घेतला. अँप्लिफायर चांगला आहे, पोरानं जोडी बरोबर लावली, असं मला सांगितलं. स्पीकरबद्दल काही बोलले नाहीत.

मी फाटकापर्यंत गेलो. वहिनींनी स्कूटी काढली, तायडे मागं बसले. चावी फिरवताना वहिनींना एकदम रडू कोसळलं. हँडल सोडता येईना, डोळे पुसता येईनात, तशाच त्या गाडी चालवत निघाल्या. तायड्यांना त्यांचं रडणं ऐकू गेलं नसणार. पण त्यांचा एक हात वहिनींच्या खांद्यावर होता, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते त्या हातानं त्यांना थोपटत होते.